तीन भिंतींचा मुक्काम

अमेरिकेच्या पूर्व भागात समुद्रकिनाऱ्याला साधारण समांतर अशी अ‍ॅपलेशियन डोंगरांची रांग पसरली आहे. तिच्या अंगाखांद्यावरून एक पायवाट जाते. दक्षिणेला जॉर्जिया राज्यातल्या स्प्रिंगर माउंटनला ती सुरू होते आणि चौदा राज्यं ओलांडून उत्तरेला मेनमधल्या कटाडिन शिखरावर संपते. लांबी सुमारे ३,५०० किलोमीटर. नाव अ‍ॅपलेशियन ट्रेल. या वाटेवर रात्रीच्या मुक्कामासाठी अडीचशेहून जास्त निवारे बांधलेले आहेत, सरासरी बारा-तेरा किलोमीटरला एक.

निवारा म्हणजे तीन भिंती आणि एक उतरतं छप्पर. जमिनीपासून गुडघाभर उंचीवर लाकडी फळ्यांचा ओटा, त्यावर झोपायचं. चौथी बाजू सताड उघडी. दार नाही, त्यामुळे कुलूपही नाही. बहुतेक ठिकाणी राखणदार नाही, भाडं नाही, आधी नाव नोंदवायची सोय नाही. समोर दगडांच्या वर्तुळात शेकोटीची जागा, असलंच तर एक टेबल, थोड्या अंतरावर संडास, उताराला एखादा झरा. आत खिळ्याला प्लास्टिकच्या पिशवीत एक वही लटकलेली असते.

अशा ठिकाणी संध्याकाळी सात-आठ अनोळखी माणसं जमतात. कॉलेज संपवून निघालेला मुलगा, निवृत्त शिक्षिका, सैन्यातून नुकताच सुटलेला जवान, शनिवार-रविवार काढून आलेलं जोडपं. सगळे दिवसभर चालून घामेजलेले, भुकेलेले, थोडे चिडलेलेही. रात्रभर खांद्याला खांदा लावून झोपतात आणि सकाळी आपापल्या वाटेने जातात. भांडणं होत नाहीत असं नाही, पण बघायला गेलं तर फारच कमी होतात. मालक नसलेलं छप्पर शंभर वर्षं टिकतं ते काही लिखित नियमांवर आणि बऱ्याचशा अलिखित संकेतांवर. ते संकेत वरवर शिष्टाचारासारखे दिसतात. जरा खरवडलं की प्रत्येकाखाली उंदीर, अस्वल, जंतू किंवा साधा हिशेब सापडतो.

या वाटेची कल्पना बेंटन मॅके या वनअधिकारी आणि नियोजनकाराने १९२१ मध्ये वास्तुविशारदांच्या एका नियतकालिकात मांडली. मूळ आराखड्यातच निवारे होते. दिवसभराची आरामशीर चाल झाली की रात्रीला छप्पर, काही ठिकाणी जेवणही, स्वित्झर्लंडच्या डोंगरांत असतं तसं. प्रत्यक्षात जेवणाचा भाग जवळजवळ गळून पडला आणि उरला तो न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅडिरॉन्डॅक भागातल्या शिकाऱ्यांचा आणि वाटाड्यांचा ओंडक्यांचा आडोसा. १९३०च्या दशकातल्या मंदीत बेरोजगार तरुणांना काम देण्यासाठी सरकारने जे दल उभारलं, त्याने या वाटेवर अनेक निवारे बांधले. जॉर्जियातल्या ब्लड माउंटनच्या माथ्यावरचं दगडी घर त्यांच्याच हातचं, अजून उभं आहे. १९३७ मध्ये वाट सलग जोडली गेली.

मग युद्ध आलं आणि देखभाल थांबली. १९४८ मध्ये अर्ल शेफर हा युद्धावरून परतलेला तरुण पहिल्यांदा एका दमात पूर्ण वाट चालला, तेव्हा कित्येक ठिकाणी रस्ता गवतात हरवलेला होता. १९५५ मध्ये एमा गेटवुड एकटीने चालली. वय ६७, अकरा मुलांची आई, पायात कॅनव्हासचे बूट, पाठीला घरी शिवलेली पिशवी आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. वाटेबद्दल तिने नंतर ज्या तक्रारी केल्या त्यांत निवारे होतेच. काही वाऱ्याने पडले होते, काही जळाले होते आणि काही इतके घाण होते की उघड्यावर झोपणं तिला बरं वाटलं. आजच्या संकेतांमागची पार्श्वभूमी ही आहे. लोक नीट वागले नाहीत तर निवाऱ्याचं काय होतं, ते त्या आजीबाईंनी आधीच बघून ठेवलं होतं.

आज हे निवारे कोण सांभाळतं? १९६८ च्या कायद्याने ही वाट राष्ट्रीय निसर्गवाट झाली, तरी कुदळ-फावडं मुख्यतः स्वयंसेवकांच्याच हातात आहे. तीसेक स्थानिक क्लबांनी वाट तुकड्यातुकड्याने वाटून घेतली आहे आणि अ‍ॅपलेशियन ट्रेल कॉन्झर्व्हन्सी ही संस्था त्यांची मोट बांधते. छपराचा पत्रा बदलायला येणारा माणूस बहुधा गावातला बँक कर्मचारी किंवा सुतार असतो, आणि तो पत्रा पाठीवर घेऊन चढलेला असतो.

आता एक प्रश्न, जो मला या सगळ्यात सर्वांत रंजक वाटतो. जंगल जपायचं तर माणसांना एकाच जागी गोळा करायचं कशाला? पांगवलं तर बरं नाही का? सहज वाटणारं उत्तर इथे चुकतं. मोकळ्या जंगलात एखाद्या जागेवर पहिल्या काही रात्री तंबू पडले की होणाऱ्या नुकसानाचा मोठा भाग तेवढ्यातच होऊन जातो. गवत मरतं, रोपं तुडवली जातात, पानांचा थर जातो, माती घट्ट होते. त्यानंतर तिथे शंभर रात्री काढल्या तरी भर पडते ती थोडी. म्हणजे दहा जागांवर दहा-दहा मुक्काम झाले तर दहा जागा उजाड होतात आणि एकाच जागी शंभर झाले तर जवळजवळ एकच. मुक्कामाच्या जागांच्या झिजेचा अभ्यास करणारं एक शास्त्रच गेल्या काही दशकांत उभं राहिलं आहे. व्हर्जिनिया टेकमध्ये काम करणारे जेफ्री मॅरियन यांनी या वाटेवर त्याचे बरेच प्रयोग केले. मेरीलँडमधल्या अ‍ॅनापोलिस रॉक या कड्यापाशी सपाटीवरचे मुक्काम बंद करून ते उतारावर, माती कोरून केलेल्या छोट्या ओट्यांवर हलवले गेले. सपाटीवर तंबूंचा पसारा दरवर्षी वाढत जातो, उतारावर वाढायला जागाच नसते.

निवारा हा त्याच विचाराचा जुना अवतार आहे. चालणाऱ्याला तो सोय वाटतो, जंगलाच्या बाजूने पाहिलं तर तो माणसांना एका जागी अडकवून ठेवण्याचा उपाय आहे. म्हणून पहिला संकेत असा की निवारा भरला असेल तर त्याच्या आवारात आधीच रुळलेल्या, माती उघडी पडलेल्या जागेवर तंबू लावायचा. चार पावलं पुढची हिरवळ कितीही मोहात पाडो. ज्यांना नियमांमागचं कारण माहीत नसतं ते नेमकं उलट करतात आणि आपण निसर्गाच्या जास्त जवळ झोपलो म्हणून खूश होतात.

माणसं गोळा झाली की त्यांच्यामागोमाग उंदीर येतात. निवाऱ्यातले उंदीर दिसायला गोजिरवाणे असतात, पांढऱ्या पायांचे, मोठ्या डोळ्यांचे. रात्री दिवे मालवले की पाच मिनिटांत छपराखालून खसखस सुरू होते. झोपलेल्यांच्या अंगावरून, क्वचित केसांतूनही त्यांची ये-जा चालते. त्यांच्यावरचा उपाय बऱ्याच निवाऱ्यांत टांगलेला असतो. आढ्याला एक दोरी, दोरीच्या मध्यावर उपडा टिनचा डबा, खाली आडवी काडी. काडीला पिशवी अडकवायची. दोरीवरून उतरलेला उंदीर डब्याच्या गुळगुळीत पाठीवर येतो आणि घसरून पडतो. कधीकधी डब्यालाही जुमानत नाही, पण युक्ती चांगली आहे. दुसरी युक्ती मला जास्त आवडते. सॅक खिळ्याला टांगताना तिच्या सगळ्या चेनी उघड्या ठेवायच्या. आत काही नाही हे उंदराला बघू द्यायचं. चेन बंद असेल तर कुरतडून भोक पाडून तो खात्री करून घेतो आणि पुढचे दोन महिने ते भोक आपल्या पाठीवर राहतं.

उंदरांमागे साप येतात. आढ्याच्या वाशावर वेटोळं घालून पडलेला काळा साप बिनविषारी असतो आणि त्याला कोणी हुसकत नाही, कारण उंदरांच्या बाबतीत तो डब्याहून भरवशाचा आहे. उंदरांच्या अंगावरच्या गोचिड्यांकडून मात्र लाइम आजार पसरतो, आणि पूर्वेकडच्या जंगलांत तो चांगलाच फैलावलेला आहे. उंदरांच्या वाळलेल्या लेंड्यांची धूळ श्वासातून गेली तर हंटाविषाणूचा धोका असतो. या भागात तो क्वचितच आढळतो, तरी आल्या आल्या कोरडा ओटा जोरात झाडून धुरळा उडवू नये हे शहाणपणाचं.

उत्तरेला साळिंदरांचा उच्छाद आहे, आणि त्यामागचं कारण मिठाचं आहे. साळिंदराला मिठाची विलक्षण ओढ. माणसाच्या घामाने मुरलेल्या फळ्या, बुटांचे चामडी भाग, काठीची मूठ आणि संडासाची लाकडी बैठक त्याला सारखीच चविष्ट लागते. रात्री ओट्याच्या कडेला उभं राहून लघवी करू नये या संकेतामागे वास आहे, शेजाऱ्याची अडचण आहे, आणि ओटा कुरतडायला येणारं हे काटेरी जनावरही आहे.

अस्वलांचं प्रकरण गंभीर. इथली अस्वलं काळी, सहसा माणसाला टाळणारी. पण एकदा एखाद्या अस्वलाला निवाऱ्यात अन्न मिळालं की ते परत परत येतं, दर खेपेला थोडं निर्ढावतं, आणि अखेर धोकादायक ठरून मारलं जातं. चूक माणसाची, शिक्षा अस्वलाला. म्हणून झोपायच्या आधी अन्न, टूथपेस्ट, साबण, वासाची प्रत्येक वस्तू निवाऱ्यापासून दूर न्यायची. काही ठिकाणी पोलादी तारा आणि कप्प्या लावलेल्या असतात, काही ठिकाणी लोखंडी पेट्या. जिथे काहीच नाही तिथे फांदीवरून दोरी टाकून पिशवी चार मीटर उंच आणि खोडापासून दोनेक मीटर लांब टांगायची. अंधारात, थकलेल्या हातांनी हे नीट जमणारे लोक थोडे. त्यामुळे कॉन्झर्व्हन्सी आता कडक कवचाचा अस्वलरोधक डबा बाळगायचा आग्रह करते. ब्लड माउंटनच्या परिसरात गर्दीच्या वसंतात मुक्कामाला तो सक्तीचाच आहे.

याच कारणाने निवाऱ्यातला एक फार दयाळू वाटणारा प्रकार वर्ज्य मानला जातो. सॅक हलकी करायला कोणी अर्धं पाकीट नूडल्स, थोडी साखर, उरलेलं पीठ फळीवर ठेवतो, वर चिठ्ठी: ज्याला हवं त्याने घ्यावं. त्याच्या मनात दानधर्म असतो. पुढचा माणूस येण्याआधी तिथे उंदीर पोचतो, आणि उंदराआधी कधी अस्वल. तेव्हा जे आणलं ते परत न्यायचं, चहाची पिशवी आणि संत्र्याची सालंसुद्धा. कचरा शेकोटीत टाकणं हाही उपाय नव्हे. पाकिटांच्या आतला चंदेरी थर जळत नाही. तो राखेत तसाच चकाकत राहतो आणि कोणीतरी स्वयंसेवक बोटांनी वेचून काढतो.

अन्नाची देवाणघेवाण निवाऱ्यात होतेच, पण तिचीही रीत ठरलेली आहे. चिवड्याचा डबा पुढे केला की सगळ्यांनी त्यात हात घालायचा ही आपली पद्धत. तिकडे पाकीट तिरकं करून समोरच्याच्या तळहातावर ओततात. कारण नोरोव्हायरस. उलट्या-जुलाब करणारा हा विषाणू वाटेवर अधूनमधून साथीसारखा पसरतो आणि निवाऱ्यांच्या साखळीतून चालणाऱ्यांबरोबरच पुढे सरकतो. हाताला लावायच्या अल्कोहोलच्या जेलला तो फारसा दाद देत नाही. साबण आणि पाणी हाच इलाज, आणि तेही झऱ्यात हात बुडवून नाही. भांड्यात पाणी घेऊन साठेक मीटर लांब जायचं, तिथे धुवायचं, गढूळ पाणी पसरून फेकायचं. झऱ्यात भांडी विसळणाऱ्याला मात्र कोणीही, अगदी मितभाषी माणूससुद्धा, तोंडावर टोकतो.

आता ओट्याकडे वळू. मार्गपुस्तिकेत प्रत्येक निवाऱ्यापुढे एक आकडा असतो, किती जण झोपू शकतील त्याचा. माणशी रुंदी एका कॅरीमॅटची, म्हणजे सुमारे ५० सेंटिमीटर. जो आधी येईल त्याला जागा, आणि जो आला आहे त्यालाच. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची विद्या इथे चालत नाही. मागून येणाऱ्या मित्रासाठी कॅरीमॅट पसरून ठेवलेली असेल तर नवा आलेला माणूस ती शांतपणे गुंडाळून बाजूला ठेवतो आणि आपली पसरतो. ओट्यावर तंबू उभा करायचा नाही, डास कितीही असोत. एक तंबू दोन-तीन माणसांची जागा खातो. वाशांना झोळी बांधायची नाही, वासे त्यासाठी नाहीत.

पाऊस लागला की हा हिशेब मोडतो. आठ जणांच्या निवाऱ्यात बारा जण झोपतात, कुशीवर, एकाआड एक डोकं-पाय करून. रात्री आठ वाजता ओलाचिंब, थरथरणारा माणूस आला तर आतल्यांनी सरकायचंच. इथे आधी आलेल्याचा हक्क संपतो, कारण ओल्या कपड्यांत शरीराचं तापमान खाली गेलं तर पाच-सात अंशांच्या थंडीतही माणूस दगावू शकतो. याच्या उलट, कोरड्या रात्री निवारा भरलेला असेल तर उशिरा आलेल्याने हट्ट धरायचा नसतो. त्याच्या पाठीवर तंबू असणार हे गृहीत असतं. तंबू न घेता निवाऱ्यांच्या भरवशावर निघणं हा संपूर्ण वाटेवरचा सर्वांत मोठा अविचार समजला जातो. मार्चमध्ये जॉर्जियात उत्तरेकडे निघणाऱ्यांची झुंबड असते तेव्हा पहिल्या काही निवाऱ्यांत जागा मिळणं हे नशीबच.

रात्रीचे नऊ म्हणजे इथली मध्यरात्र. सूर्य मावळला की बोलणं आपोआप कुजबुजीवर येतं. हेडटॉर्चचा पांढरा झोत कोणाच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून लाल दिवा लावतात. पहाटे चारला निघणाऱ्याने सामान तिथेच भरत बसायचं नाही, सगळं उचलून बाहेर टेबलावर न्यायचं, कारण झोपेत ऐकलेल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या कुरकुरीइतका संतापजनक आवाज दुसरा नाही. फोनवर गाणी स्पीकरवर लावणाऱ्याला हा शिष्टाचार शिकवावा लागतो, तेव्हा तो शिकण्याच्या वयाचा नसतो, ही खरी अडचण.

घोरण्याला मात्र नियम नाही. घोरणाऱ्याला दोष देता येत नाही, झोपेत माणूस जबाबदार कसा धरणार? रीत अशी पडली आहे की कानात बोळे घालायची जबाबदारी ऐकणाऱ्याची. ज्याला आपला आवाज ठाऊक आहे तो भला माणूस असेल तर आधीच जरा लांब तंबू लावतो. मला हा न्याय दोन्ही बाजूंना थोडा अन्याय करणारा, म्हणून बराचसा बरोबर वाटतो.

संडासाबद्दल लिहायला लोक लाजतात, पण स्वयंसेवकांचे सर्वाधिक श्रम तिथेच जातात. पूर्वी नुसते खड्डे होते. ते भरले की बुजवायचे आणि नवे खणायचे. उथळ मातीच्या डोंगरात नवी जागा संपत गेली. १९९०च्या दशकात व्हर्मांटच्या ग्रीन माउंटन क्लबने गांडुळांच्या मदतीने चालणारा, जमिनीच्या वर बांधलेला खताचा संडास रुजवला. लाल गांडुळं आणि मातीतले जीवाणू मैल्याचं हळूहळू खत करतात. त्यासाठी हवा आणि योग्य ओल लागते. म्हणून दोन सूचना दारावर लिहिलेल्या असतात आणि नवख्यांना त्या विनोद वाटतात. वापर झाला की कोपऱ्यातल्या डब्यातला मूठभर लाकडाचा भुसा टाका. आणि नुसती लघवी करायची असेल तर इथे येऊ नका, झाडाकडे जा. जास्त ओलाव्याने हवा अडते, गांडुळं दमतात आणि वास सुटतो. ओले सुगंधी रुमाल किंवा सॅनिटरी पॅड कोणी आत टाकले तर खत उपसायच्या दिवशी ते हातमोजे घातलेल्या माणसाला एकेक करून वेचावे लागतात.

जिथे संडास नाही तिथे पाणी, वाट आणि निवारा यांपासून सत्तर पावलं लांब जाऊन १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करायचा. तेवढ्या खोलीपर्यंतच्या मातीत जीवाणूंची वर्दळ सर्वांत जास्त असते. चार इंच जास्त खणणारा प्रामाणिक माणूस उलट कामात अडथळा आणतो.

खिळ्याला लटकलेल्या वहीत येणारा प्रत्येक जण काही ना काही लिहितो. तारीख, कुठून आलो, कुठे चाललो, पुढचा झरा आटला आहे, काल रात्री अस्वल आलं होतं. खाली सही असते ती वाटेवरच्या टोपणनावाची, जे सहसा दुसऱ्यांनी ठेवलेलं असतं. बऱ्याच वह्यांतली करमणूक चांगल्या दर्जाची आहे. पण कोणी हरवलं तर शोधपथक आधी या वह्या उलगडतं, कारण कोणत्या निवाऱ्यापर्यंत माणूस पोचला होता हे त्यांतून कळतं. म्हणून मुक्काम केला नाही, नुसतं थांबून पाणी प्यायलं, तरी नोंद करावी असा संकेत आहे.

सगळे निवारे सारखेच रांगडे असतात असं मात्र नाही. उत्तर कॅरोलिनात फोंटाना धरणाकाठी एक प्रशस्त निवारा आहे, जवळच अंघोळीला गरम पाणी. चालणारे त्याला एका बड्या हॉटेलच्या नावाने हाक मारतात. व्हर्जिनियात एका निवाऱ्यावर गावातून पिझ्झा मागवता येतो. मेनमध्ये मात्र काही ठिकाणी सपाट फळ्यांऐवजी बारीक गोल ओंडके शेजारी शेजारी ठोकलेले असत, आणि त्यांवर झोपलेल्याच्या बरगड्यांना सकाळपर्यंत प्रत्येक ओंडका पाठ होई.

काही ठिकाणी संकेत पुरत नाहीत, कायदा येतो. ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात वाटेचे शंभराहून जास्त किलोमीटर आहेत. तिथे परवाना लागतो, कुत्रा नेता येत नाही आणि निवाऱ्यातच राहण्याची सक्ती आहे. इथे इतर ठिकाणच्या रीतीच्या उलट कारभार. ज्याने आधी जागा राखून ठेवली आहे तो उशिरा आला तरी जागा त्याची, आणि पूर्ण वाट चालणाऱ्याला, आधी येऊन झोपला असला तरी, उठून बाहेर तंबू लावावा लागतो. गर्दीच्या वसंतात काही जागा त्याच्यासाठीही राखीव असतात, पण थोड्या. त्या निवाऱ्यांच्या उघड्या बाजूला पूर्वी लोखंडी जाळी होती, अस्वलं आत येऊ नयेत म्हणून. झालं असं की आत सुरक्षित बसलेली माणसं जाळीच्या भोकांतून अस्वलांना खाऊ घालू लागली. उद्यानाने जाळ्याच काढून टाकल्या. उघड्या निवाऱ्यात माणूस जरा जपून वागतो. तरीही धोका संपत नाही. २०१६च्या मे महिन्यात स्पेन्स फील्ड निवाऱ्याजवळ तंबूत झोपलेल्या एका चालणाऱ्याच्या पायाला अस्वलाने चावा घेतला, तेव्हा तो निवारा काही काळ बंद ठेवावा लागला होता.

न्यू हॅम्पशायरच्या उंच, उघड्या डोंगरांत अ‍ॅपलेशियन माउंटन क्लबच्या झोपड्या आहेत. पहिली १८८८ मधली. बंक, जेवण, ब्लँकेट, आणि त्याचं भाडं चांगल्या हॉटेलइतकं. पूर्ण वाट चालणाऱ्याच्या खिशाला ते झेपत नाही. त्याच्यासाठी एक सोय आहे. रात्री पाहुण्यांची जेवणं उरकली की दोन तास भांडी घासायची, फरशी पुसायची, उरलेलं अन्न पोटभर खायचं आणि जेवणघराच्या जमिनीवर झोपायचं. अशी माणसं रोज हातावर मोजण्याइतकीच घेतात. दुपारी फार लवकर दारात जाऊन बसणं असभ्य समजतात, फार उशिरा गेलं तर जागा गेलेली असते. कितीला पोचायचं याचं शास्त्र वह्यांमधूनच एकमेकांना कळतं.

मराठी वाचकाचा या वाटेशी संबंध येतो तो बहुधा न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कच्या तुकड्यात. वाटेचा पहिला खास बांधलेला भाग न्यूयॉर्कच्या बेअर माउंटन आणि हॅरिमन उद्यानातलाच, १९२३ मधला. न्यू जर्सीतल्या एडिसनकडून शनिवारी सकाळी गाडी काढली की दुपारपर्यंत तिथल्या दगडी निवाऱ्यांपाशी पोचता येतं. सह्याद्रीत हरिश्चंद्रगडाच्या गुहेत वीस-पंचवीस जणांनी एकत्र मुक्काम केलेली मंडळी इथेही तशीच गटाने येतात, आणि इथेच घोटाळा होतो. रात्रीच्या मुक्कामाला गट दहाच्या आत असावा ही या वाटेची मर्यादा आहे, आणि निवारा एकट्यादुकट्यासाठी मानला जातो. गटाने तो रिकामा असला तरी ओटा ताब्यात न घेता बाहेर तंबू लावावेत. आपला गट मोठा आहे, म्हणून जागा आपली, हा युक्तिवाद इथे उलटा लागू होतो.

न्यू जर्सीच्या हद्दीत तर ठरवून दिलेल्या जागेशिवाय मुक्काम नाही आणि या वाटेवर शेकोटीही नाही, कनेक्टिकटमध्येही तसंच. गॅसवर खिचडी करायला हरकत नाही, पण लसणाच्या फोडणीचा वास दूरवर जातो आणि तेलकट पातेलं थंड पाण्याने निघत नाही. दशम्या आणि कोरडी चटणी घेऊन जाणारे या बाबतीत सुखी. खाऊन झालं की डबा न्यू जर्सीच्या निवाऱ्यांपाशी ठेवलेल्या लोखंडी पेटीत टाकायचा. तिची कडी अस्वलाच्या पंजाला उघडता येणार नाही अशी असते. अंधारात ती माणसालाही पटकन उघडत नाही, म्हणून उजेडी एकदा उघडून बघावी.

उत्तरेच्या टोकाला, कटाडिनच्या पायथ्याशी, हे सगळं पुन्हा बदलतं. तो डोंगर आणि भोवतालचं जंगल मेनचे एके काळचे गव्हर्नर पर्सिव्हल बॅक्स्टर यांनी स्वतःच्या पैशांनी विकत घेऊन १९३१ ते १९६२ या काळात टप्प्याटप्प्याने राज्याला दिलं, ते जंगली राहावं या अटीवर. तिथे वन्यता आधी, चालणाऱ्याची सोय नंतर. कुत्रा चालत नाही, उघड्यावर दारू चालत नाही, शिखरावर शॅम्पेन उडवलं तर वनरक्षक दंड करतो. दक्षिणेकडून निदान १०० मैल सलग चालून आलेल्यांसाठी द बर्चेस नावाच्या जागी दोन निवारे आणि तंबूंची थोडी जागा राखून ठेवली आहे. एक रात्र, बारा माणसं, पैसे भरून. उद्यानाच्या हद्दीपाशी एका फलकावर कागद लावलेला असतो, त्यावर आपलं नाव लिहायचं. जॉर्जियापासून पाच-सहा महिने चालून आलेला माणूस तेरावा निघाला तरी यादी वाढत नाही. त्याने मागे अबोल पुलापाशी, उद्यानाच्या बाहेर, पैसे भरून तंबू लावायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठून त्या कागदाशी पुन्हा हजर व्हायचं.